रुपये-खुर्द्याची नावं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता ‘मी सैनिक झालो तर’. आठवी-नववीची पोरं एकामागून एक उठत होती, मुठी आवळून ‘रक्ताचे पाट’, ‘शत्रूचा खात्मा’ म्हणत होती आणि टाळ्या घेत होती. शेवटी सूत्रसंचालकांनी विचारलं, ‘युद्धावर कोण कोण जाणार?’ सगळ्या हॉलनं हात वर केले. माझ्या नातवानं तर दोन्ही. मीही टाळ्या वाजवल्या, कारण पोरं मनापासून बोलत होती. पण घरी येताना रंकाळ्याच्या कडेनं चालता चालता माझ्या तोंडून शब्द फुटेना. नातवानं दोनदा विचारलं, ‘आजोबा, माझं भाषण आवडलं नाही का?’ तेव्हा त्याला जे सांगता आलं नाही ते या पत्रात लिहितोय. पत्र लांबलं तर हवी तिथं काटछाट करा, फक्त तारेचा भाग तेवढा राहू द्या.

मी टपाल खात्यात सदतीस वर्षं नोकरी केली. सुरुवात गडहिंग्लज भागात तार वाटण्यापासून झाली. तेव्हा मी विशीत होतो. साल १९७१. डिसेंबरच्या १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं आणि रात्री रेडिओवरून ती बातमी गावोगाव पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तार मास्तरांनी तारयंत्राच्या कडकट्टवर कान लावून एक तार उतरून घेतली. लिहून झाल्यावर नेहमी ते कागद माझ्याकडे सरकवायचे. त्या दिवशी हातातच धरून बसले. मग तारेतल्या इंग्रजीचा अर्थ मला दोनदा समजावून सांगितला आणि म्हणाले, ‘तिथं वाचायला कोण नसंल. तुलाच वाचायला लागणार.’

सायकलवरून सात-आठ मैलांची वाट. उसाचा हंगाम होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुऱ्हाळं लागलेली आणि काकवीचा वास हवेत भरलेला. वाटेतल्या गावात शाळेची प्रभातफेरी निघाली होती. पुढं ढोल, मागं पोरं, हातात कागदी झेंडे. एका गुरुजींनी सायकल अडवून माझ्या हातावर पेढा ठेवला, ‘तारवाले, तोंड गोड करा!’ मी तो शर्टाच्या खिशात टाकला.

घर गावाच्या टोकाला होतं. बाई परड्यात शेणी थापत होती. माझा खाकी शर्ट दिसताच तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि हसत पुढं आली. तिच्या लेकाची मनिऑर्डर दर महिन्याला यायची, त्या महिन्यात थकली होती. खाकी शर्टाचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. ‘बस की वाईच, च्या ठेवतो,’ म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं डावा अंगठा पुढं केला. मनिऑर्डरच्या सवयीनं. मला तेव्हा कळलं नाही, आणि अजूनही कळत नाही, की मी तो अंगठा का धरला. शाईच्या पॅडवर टेकवला आणि पावतीवर उमटवून घेतला. ती म्हणाली, ‘पैसं किती आल्यात रं?’

मी म्हटलं, ‘आये, पैसं न्हाईत. तार हाय.’

आमच्या भागात तेव्हा तार म्हटलं की वाचायच्या आधीच रडं फुटायचं. ती रडली नाही. शाई लागलेल्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘वाच.’ मी इंग्रजीतच वाचून काढली, कारण कागदावर तसंच होतं. मराठी करून सांगायला जीभ वळेना. तिनं विचारलं, ‘जखमी हाय न्हवं?’ मी मान हलवली. लांबून प्रभातफेरीचा ढोल ऐकू येत होता. त्या रात्री शर्ट काढताना खिशात पेढ्याचा चुरा निघाला. तो खाववेना, टाकवेना. सकाळी चिमण्यांना घातला.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं कुणापुढं धड बोललो नाही. ती बोलायचं बळ मला पुस्तकांनी दिलं. निवृत्तीनंतर मी करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद झालो. १८५० पासून चालत आलेलं हे वाचनालय आपल्या गावाचं भूषण आहे. तिथं एकदा विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीची हकिकत वाचनात आली. पहिल्या महायुद्धात खंदकात राहून, विषारी वायूनं गुदमरून मरणारी पोरं डोळ्यांनी पाहून त्यानं कविता लिहिल्या. देशासाठी मरणं गोड असतं हे जुनं लॅटिन वचन पोरांना शिकवू नका, ते खोटं आहे, असं सांगणारी त्याची कविता जगभर शिकवली जाते. हा माणूस ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला. युद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला. अवघा एक आठवडा राहिला होता. आणि त्याच्या घरी तार पोचली ती नेमकी त्याच ११ तारखेला, गावात चर्चच्या घंटा वाजत असताना.

मी पुस्तक मिटलं. खिडकीबाहेर रस्त्यावरची नेहमीची गर्दी होती आणि माझ्या कानात तो ढोल वाजत होता. ती तार कुण्या पोराच्या हातात असेल, त्यालाही कुणी वाटेत तोंड गोड करायला लावलं असेल का, हेच डोक्यात येत राहिलं.

पुढचं वाचून तर मी चकितच झालो. ओवेनच्या आईनं १९२० साली रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिलं. शेवटचा निरोप घेताना तिच्या लेकानं ‘गीतांजली’तल्या ओळी म्हटल्या होत्या. इथून जाताना माझा निरोपाचा शब्द हाच असू दे, की मी जे पाहिलं त्याला तोड नाही, अशा अर्थाच्या त्या ओळी. मरणानंतर त्याची टिपणवही घरी आली, तीत त्या लिहिलेल्या होत्या आणि खाली कवीचं नाव होतं. आईनं विचारलं होतं, ही सबंध कविता मला कुठल्या पुस्तकात मिळेल? आयुष्यभर पत्रं वाहिलेल्या माणसाला हे पत्र म्हणजे काय वाटलं असेल, आपण समजू शकाल.

पण संपादक महाराज, इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. पानिपतची बातमी आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असते. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली आणि नानासाहेब पेशव्यांना सावकारी भाषेत कळवलं गेलं की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. शाळेत आम्ही हे वाक्य घोकलं, परीक्षेत लिहिलं, त्याची सांकेतिक भाषा किती खुबीची यावर मास्तर खूश व्हायचे. खुर्दा म्हणजे कोण, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. खुर्दा म्हणजे तुमचे-माझे खापरपणजे. दोन महिने त्या मैदानावर रसद तुटून उपाशी बसलेले शिपाई, त्यांच्याबरोबरचे बुणगे, काशी-प्रयागच्या आशेनं फौजेच्या आडोशानं निघालेले यात्रेकरू, बायका-पोरं. आपल्याच जिल्ह्यातल्या विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी १९८८ साली आली. ती मी तीनदा वाचली. लोक तिच्यातल्या लढाईच्या वर्णनावर बोलतात. माझं बोट अडून राहतं ते त्या उपासमारीच्या पानांवर.

मला जे म्हणायचंय ते या एका शब्दाशी बांधलेलं आहे. मोत्यांचा आणि मोहरांचा हिशोब बखरी ठेवतात, बातम्या ठेवतात, चौकातले पुतळे ठेवतात. गणती नाही म्हणून सोडून दिलेल्या खुर्द्याच्या मागं जाते ती कथा-कविता. रेमार्क या जर्मन लेखकाची कादंबरी घ्या, १९२९ सालची, ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. मला वाटायचं नावाचा अर्थ शांतता वगैरे काहीतरी असेल. शेवटच्या पानावर कळलं. ज्याच्या तोंडून आपण सगळं पुस्तक ऐकलं, ज्याची भूक, बूट, मित्र, आजारी आई सगळं आपल्या ओळखीचं झालं, तो पोरगा ऑक्टोबर १९१८ मध्ये मरतो. आणि त्या दिवशीच्या लष्करी अहवालात एकच ओळ असते की पश्चिम आघाडीवर विशेष काही नाही. ते पुस्तकाचं नाव आहे. ‘गणती नाही’चंच जर्मन रूप.

त्याच कादंबरीत एक प्रसंग आहे, तो नातवाला वाचून दाखवायला मी पानात खूण घालून ठेवलीय. तोफांच्या माऱ्यात हा पोरगा एका खड्ड्यात लपतो. वरून एक फ्रेंच शिपाई आत कोसळतो. हा घाबरून त्याला सुरा मारतो. पण तो माणूस लगेच मरत नाही. बाहेर मारा चालू असल्यानं याला खड्ड्यातून निघता येत नाही आणि त्याची घरघर तासन् तास ऐकत बसावं लागतं. मग हा त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो. तो मेल्यावर त्याचं पाकीट उघडतो. आत बायको आणि लहान मुलीचे फोटो, पत्रं आणि नाव. तो छपाई कामगार होता. नाव वाचेपर्यंत तो शत्रू होता, आता तो नाव असलेला मनुष्य झाला आणि याला त्याच्याकडं बघवेना. ‘शत्रूचा खात्मा’ म्हणताना जो शब्द पोरांच्या तोंडून सहज निघतो, तो खात्मा इथं एक रात्र आणि एक दिवस चालतो.

कुणी म्हणेल, असलं वाचून पोरं भित्री होतील, जवानांचं मनोबल खचेल. आमच्या कट्ट्यावर हे मला तोंडावर म्हटलं गेलंय. याचं उत्तर मी रागानं देणार नाही, कारण म्हणणारा माझा मित्र आहे आणि त्याचा मुलगा सीमेवर आहे. पण ज्यांनी हे लिहिलं ते घरात बसून लिहिणारे नव्हते. रेमार्क स्वतः १९१७ मध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला होता. ओवेन युद्धानं मनावर झालेल्या आघातातून बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला, कारण त्याची माणसं तिथं होती, आणि तिथं त्यानं शौर्याचं पदक मिळवलं. रेमार्कचं पुस्तक १९३३ साली हिटलरच्या माणसांनी चौकात जाळलं आणि सहा वर्षांनी तेच सरकार दुसऱ्या महायुद्धात उतरलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार आहेत. टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला की ते उठून बाहेर जाऊन बसतात. टेंबलाईवाडीच्या टी.ए. (प्रादेशिक सेना) बटालियनजवळून पहाटे फिरायला जाताना भरतीसाठी धावणारी पोरं भेटतात, घामानं निथळणारी, बहुतेक शेतकऱ्यांची. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त माया आहे. मायेपोटीच म्हणतो, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांनी ती खड्ड्यातली पानं एकदा वाचावीत.

आणि हे सगळं बाहेरचं, आपल्या परंपरेत नाही, असंही कुणी म्हणू नये. महाभारत आपण अठराव्या दिवशी सोडून देतो. त्याच्यापुढं स्त्रीपर्व आहे. गांधारी दिव्यदृष्टीनं रणांगण बघते आणि कृष्णाला एकेक दाखवत जाते. दुःशला आपल्या नवऱ्याचं, जयद्रथाचं, डोकं शोधत इकडून तिकडं धावतेय. भूरिश्रव्याची बायको त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसलीय. उत्तरा अभिमन्यूचं चिलखत काढून जखमा बघतेय. कोण जिंकलं याचा त्या पर्वात पत्ताच लागत नाही. दोन्ही बाजूंच्या मोठ्या योद्ध्यांपैकी उरले दहा. पाच पांडव, कृष्ण, सात्यकी आणि पलीकडचे तिघं.

पण मला ज्या ठिकाणी रडू आलं ते पुढं आहे. शंभर मुलं गेलेला आंधळा धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, ज्यांचं कुणीच नाही, त्यांचं दहन होणार ना? आणि युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य वगैरेंना त्या कामाला लावतो. राजांच्या चिता वेगळ्या रचल्या जातात. मग देशोदेशीहून आलेल्या, ओळख न पटलेल्या हजारो प्रेतांचे ढीग करून, लाकडं आणि तेल घालून त्यांनाही अग्नी दिला जातो. व्यासांनी खुर्दा वगळला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या एका पंजाबी राजपूत शिपायानं जानेवारी १९१५ मध्ये घरी लिहिलं होतं की याला युद्ध समजू नका, हा जगाचा अंत आहे, आपल्या पूर्वजांच्या महाभारतात सांगितलंय तसलंच हे युद्ध आहे. सेन्सॉरनं नोंद ठेवली म्हणून ते पत्र आज वाचायला मिळतं. त्या शिपायाला महाभारत नुसतं विजयाचं पुस्तक वाटलं नव्हतं.

आता शेवटचं, घरचं. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ त्याच महायुद्धात मराठा पलटणीतून गेले. घरात त्यांना ‘बसऱ्याचा आजा’ म्हणतात. बसऱ्याला गेला आणि आला नाही, एवढीच माहिती. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, त्या मोहिमेत मराठा पलटणी मोठ्या प्रमाणावर होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात पाच महिने उपासमार होऊन २९ एप्रिल १९१६ ला जी पुणे डिव्हिजन शरण गेली, तीतही मराठे होते. आमचा आजा तिथं होता की आणखी कुठं, कुणालाच माहीत नाही. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. तिथं गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर आहे. हिंदी अधिकाऱ्याचं आहे. हिंदी शिपायाचं नाही. पलटणीचं नाव आणि खाली आणखी इतके हिंदी सैनिक, असा आकडा. ही विषमता होती हे स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षं गेली त्यात.

आमच्या मूळ गावच्या चावडीच्या भिंतीत त्याच काळातली संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या आपल्या भागात गावोगाव आहेत. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. इंग्रजीत, १९१४ ते १९१९. गेलेल्यांचा आकडा दोन आकडी, न आलेल्यांचा एक आकडी. नाव एकही नाही. लहानपणी त्या पाटीखाली आम्ही गोट्या खेळायचो.

बसऱ्याच्या आज्याची तिथी माहीत नाही, म्हणून आमच्याकडं त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. यंदा पान वाढताना नातवानं सुनेला विचारलं, ‘हे कुणाचं?’ तिनं सांगितलं. तो म्हणाला, ‘नाव काय त्यांचं?’ सून माझ्याकडं बघायला लागली. मी मुलाकडं. त्या आयोगाच्या यादीत आता हिंदी शिपायांची नावं शोधता येतात, म्हणून नातवानं मोबाइलवर आमचं आडनाव घातलं. पुष्कळ निघाले. पण पहिलं नावच ठाऊक नसेल तर आपला कुठला हे ओळखायचं कसं?

म्हणून माझी आपल्याला आणि आपल्या वाचकांना विनंती आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ज्या ज्या गावात अशी पाटी आहे तिथल्या लोकांनी, विशेषतः शाळांनी, पाटीवरच्या आकड्यांमागची नावं शोधावीत. जुन्या पेट्यांत पदकं असतील, पेन्शनचे कागद, मनिऑर्डरच्या कुपनाचे तुकडे असतील. म्हाताऱ्या माणसांना विचारा, आहेत तोवर. आपल्या दैनिकानं त्यासाठी आठवड्याला चार बोटं जागा द्यावी. आणि पुढच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय देणाऱ्या शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे, की ‘माझ्या गावच्या पाटीवरचा एक माणूस’ असा विषय देऊन बघा. पोरांना त्यासाठी जे वाचायला लागेल ते वाचनालयात सगळं आहे.

आमच्या घरातून सुरुवात म्हणून मी येत्या रविवारी नातवाला घेऊन गावी चाललोय. भावकीत नव्वदी ओलांडलेली एक चुलती आहे. तिला ऐकू कमी येतं, पण लग्नात घ्यायच्या नावांपासून घराण्यातली सगळी नावं तिला पाठ आहेत. नातवानं वही आणि पेन काढून ठेवलंय.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
शुक्रवार पेठ, कोल्हापूर